पिस्तूल, अर्धस्वयंचलित : भारतातील नागरी वापर

एका हाताने धरून झाडता येणाऱ्या आखूड नळीच्या अग्निशस्त्रास पिस्तूल म्हणतात. हा शब्द मराठीत पोर्तुगीजांमार्फत आला असावा. ज्या पिस्तुलात गोळी सुटताच रिकामे काडतूस आपोआप बाहेर फेकले जाते आणि पुढील काडतूस नळीत भरले जाते, परंतु प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने ओढावा लागतो, त्यास अर्धस्वयंचलित पिस्तूल ही संज्ञा आहे. व्यवहारात त्यास नुसते ‘ऑटोमॅटिक’ म्हणण्याची प्रथा असली, तरी ती तांत्रिक दृष्ट्या बरोबर नाही. फिरत्या पंचपात्रात किंवा षट्‌पात्रात काडतुसे ठेवणाऱ्या रिव्हॉल्व्हरहून हे शस्त्र वेगळे आहे. अर्धस्वयंचलित पिस्तुलातील काडतुसे बहुधा मुठीत बसविलेल्या पेटीत (मॅगझीन) एकावर एक रचलेली असतात. कमी शक्तीच्या काडतुसासाठी वरच्या सरकत्या भागाचे (स्लाइड) वजन व त्यामागील स्प्रिंग यांचा प्रतिरोध पुरेसा होतो. जोरकस काडतुसांना मात्र गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत नळी व स्लाइड परस्परांत अडकवून ठेवणारी योजना लागते. पहिल्या प्रकारची पिस्तुले साधी, हलकी व स्वस्त होतात. दुसऱ्या प्रकारची जड व महाग, परंतु लष्करास उपयुक्त ठरतात. भारतीय नागरिकाच्या वाट्यास कायद्याने मुख्यतः पहिला प्रकारच आला. त्याचे कारण पुढे येईल.

व्यवहार्य अर्धस्वयंचलित पिस्तुलांचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात झाला. ह्यूगो बोर्शार्ट याचे १८९३ चे पिस्तूल अवजड होते. त्यानंतर जर्मनीतील माउझर कारखान्याचे १८९६ चे पिस्तूल आले व लाकडी म्यानासह ते जगभर पसरले. तथापि या शस्त्रास आजचे रूप दिले ते जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) या अमेरिकन संशोधकाने. बेल्जियममधील एफ. एन. कारखान्याने त्याच्या आराखड्यावरून काढलेले १९०० चे पिस्तूल आणि त्यासाठीच योजलेले ७·६५ मिमी. (·३२ बोअर) काडतूस यांनी खिशात मावणारे, सात गोळ्यांचे व मध्यमवर्गास परवडणारे शस्त्र बाजारात आणले. त्याच ब्राउनिंगचे ·४५ बोअरचे कोल्ट पिस्तूल अमेरिकेच्या सैन्याने मार्च १९११ मध्ये स्वीकारले. ते १९८५ पर्यंत तेथे मुख्य सेनापिस्तूल होते. सु. १·१ किग्रॅ. वजन, सु. १२·७ सेंमी. लांबीची नळी, सात काडतुसांची पेटी आणि सु. १५ ग्रॅ. वजनाची गोळी ही त्याची लक्षणे होत. मूळ एकस्वाधिकार संपल्यानंतर फिलिपीन्स, तुर्कस्तान, ब्राझील आदी देशांत त्याच्या स्वस्त प्रतिकृती निघू लागल्या. अमेरिकेसारख्या देशात जुन्या घडणीचे पिस्तूल घेऊ इच्छिणाऱ्या सामान्य ग्राहकापुढे आज प्रश्न असतो तो या प्रतिकृतींपैकी कोणती निवडावी, एवढाच. ब्राउनिंगच्या मृत्यूनंतर द्यूदोने सेव्ह याने पूर्ण केलेले ९ मिमी. चे १९३५ चे ‘हाय पॉवर’ पिस्तूल हे या परंपरेतील दुसरे मोठे नाव. त्याच्या पेटीत तेरा काडतुसे मावतात. भारतात इच्छापूर येथील रायफल कारखान्यात हेच पिस्तूल सेनेसाठी तयार होऊ लागले. जर्मनीच्या वॉल्टर कंपनीची ‘पीपी’ (१९२९) व ‘पीपीके’ (१९३१) ही पिस्तुले ·३२ बोअरमधील उत्कृष्ट कारागिरीची म्हणून ओळखली जातात.

महाराष्ट्राच्या इतिहासात अर्धस्वयंचलित पिस्तुलाचा प्रवेश झाला तो मात्र दुकानाच्या दारातून नव्हे. पुण्यात २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर जी शस्त्रे चालविली, ती अद्याप जुन्या पिढीतील होती. बारा वर्षांनी परिस्थिती पालटली. लंडनमधील ‘इंडिया हाउस’मधून वि. दा. सावरकर यांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले व काडतुसे चतुर्भुज अमीन या स्वयंपाक्याच्या पेटीतील चोरकप्प्यातून १९०९ च्या प्रारंभी मुंबईस धाडली. त्यांपैकी एका पिस्तुलाने अनंत लक्ष्मण कान्हेरे या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन याचा वध केला. त्या रात्री तेथे शारदा नाटकाचा प्रयोग होता. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. अमीन माफीचा साक्षीदार झाला आणि पिस्तुलांचा हा प्रवास सावरकरांवरील खटल्यांत पुराव्याचा कणा ठरला. खिशात मावणारे, लवकर झाडता येणारे व युरोपात कोणासही विकत मिणारे हे शस्त्र नसते, तर एका परक्या शहरातील विद्यार्थ्यांच्या गटास अशी मोहीम आखणे अवघड गेले असते. पुढे चंद्रशेखर आझाद यांनी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये २७ फेब्रुवारी १९३१ रोजी शेवटपर्यंत झुंजविलेले ·३२ बोअरचे कोल्ट पिस्तूल तेथील संग्रहालयात जतन केलेले आहे. याच इतिहासाची काळी बाजूही नमूद केली पाहिजे. ३० जानेवारी १९४८ रोजी नथुराम गोडसे याने महात्मा गांधींवर झाडलेल्या तीन गोळ्या बेरेट्टा जातीच्या १९३४ नमुन्याच्या इटालियन पिस्तुलातील होत्या. ते पिस्तूल दोनच दिवस आधी ग्वाल्हेर येथे मिळविण्यात आले होते. कायदा तेव्हाही होता. त्याने परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यास अडविले, अर्ज न करणाऱ्यास नाही. शस्त्रविषयक कायद्याच्या कोणत्याही चर्चेत ही विसंगती टाळता येत नाही.

हा कायदा मुळात अविश्वासातून जन्मला. १८५७ च्या उठावानंतर सुरू झालेल्या निःशस्त्रीकरणास व्हाइसरॉय लिटन याच्या कारकीर्दीतील १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने कायम स्वरूप दिले. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा सर्व भारतीयांसाठी गुन्हा ठरला. युरोपीय व अँग्लो-इंडियन मात्र नियमांनी त्यातून मोकळे होते. मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्याचे उदाहरण घेतल्यास हा भेद किती उघड होता ते ध्यानात येते. तुमसर परिसरातील चिखला, डोंगरी बुजुर्ग यांसारख्या मँगॅनीज खाणींच्या व्यवहारास विसाव्या शतकाच्या आरंभी गती आली. तेथे येणाऱ्या युरोपीय व्यवस्थापकास कमरेला पिस्तूल लावून फिरण्यास कोणाची अनुज्ञा लागत नव्हती. त्याच गावच्या मालगुजारास भातशेतीत घुसणाऱ्या रानडुकरांसाठी तोड्याची बंदूक ठेवावयाची झाली, तरी सरकारदरबारी अर्ज करावा लागे. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव होत राहिले. वंशावर आधारलेली सूट १९२० च्या सुमारास नव्या नियमांनी काढून टाकण्यात आली, पण परवान्याचे बंधन राहिले. म्हणूनच १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमनाच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घालण्यात आला होता.

स्वराज्य आल्यावर मात्र हा हक्क संविधानात आला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य ह. वि. कामत यांनी स्वातंत्र्याच्या हक्कांत शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट करण्याची दुरुस्ती सुचविली आणि कराची ठरावाचे स्मरण दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तीस विरोध केला. प्रत्येकास बाजारात जाऊन हवे ते शस्त्र विनाअडथळा विकत घेण्याचा हक्क असेल, तर राज्याचा कारभार चालणे शक्य नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. दुरुस्ती अमान्य झाली. (आंबेडकरांनी पुढे १९५४ मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक लढविली व ते पराभूत झाले, तो मतदारसंघ भंडारा हाच होता.) अशा रीतीने भारतात शस्त्र ही हक्काची नव्हे, तर अनुज्ञेची वस्तू ठरली आणि १८७८ च्या कायद्याची जागा घेणारा १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला.

नागरिकाच्या निवडीवर या अधिनियमाचा व त्याखालील नियमांचा निर्णायक परिणाम झाला. सेनादलांची काडतुसे नागरी शस्त्रांत चालू नयेत, या हेतूने ९ मिमी., ·३८, ·४५ व ·४५५ या बोअरची पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे निषिद्ध वर्गात टाकण्यात आली. त्यांच्यासाठी केंद्र शासनाची खास अनुज्ञा लागते आणि ती सामान्य नागरिकास क्वचितच मिळते. जुन्या घडणीच्या पिस्तुलांपैकी जी दोन सर्वाधिक नावाजलेली, ते ·४५ चे कोल्ट व ९ मिमी. चे हाय पॉवर, ही त्यामुळे एका फटक्यात बाद झाली. उरले ते मुख्यतः ·३२, ·२५ व ·२२ बोअरचे छोटे पिस्तूल. म्हणून भारतीय ग्राहकाच्या बाबतीत ‘आवड’ या शब्दास फारसा अर्थ राहत नाही. आधी बोअर, मग उपलब्धता, मग किंमत आणि सर्वांत शेवटी घडण असा निवडीचा क्रम येथे लागतो.

उपलब्धतेचाही प्रश्न लवकरच बिकट झाला. स्वातंत्र्यापूर्वी व नंतरची काही दशके वेब्ली अँड स्कॉट, कोल्ट, एफ. एन., वॉल्टर, माउझर आदी कारखान्यांची ·३२ पिस्तुले परवानाधारक विक्रेत्यांकडे मिळत. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास केंद्र शासनाने खाजगी व्यक्तींसाठी अग्निशस्त्रांची आयात जवळजवळ बंद केली. अपवाद मुख्यतः मान्यताप्राप्त नेमबाजांपुरता राहिला. परिणामी देशात आधीपासून असलेल्या परदेशी पिस्तुलांचा साठा तेवढाच राहिला व त्यांच्या किमती त्यांच्या मूळ देशातील किमतींशी काही प्रमाण न राहता चढत गेल्या. पन्नास-साठ वर्षे वापरलेले, परदेशात सामान्य म्हणून गणले जाणारे पिस्तूल येथे चैनीची वस्तू बनले. सीमाशुल्क विभागाने जप्त केलेली परदेशी शस्त्रे १९८७ नंतरच्या काळात संसद सदस्य आदींना विकण्यात आली. सामान्य परवानाधारकास ही वाट खुली नव्हती.

ही उणीव भरून काढण्याचे काम सरकारी आयुधनिर्माणींकडे आले. कानपूरच्या कारखान्यात ·३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर व इच्छापूरच्या रायफल कारखान्यात त्याच बोअरचे ‘अशनी’ हे अर्धस्वयंचलित पिस्तूल नागरिकांसाठी तयार होऊ लागले. स्त्रियांच्या स्वसंरक्षणासाठी म्हणून गाजावाजा करून जानेवारी २०१४ मध्ये आणलेल्या ‘निर्भीक’ या सु. ५०० ग्रॅ. वजनाच्या रिव्हॉल्व्हरची किंमत १,२२,००० रुपयांवर होती. ज्या स्त्रियांस संरक्षणाची सर्वाधिक निकड, त्यांच्या आवाक्याबाहेरचीच ती रक्कम, ही टीका तेव्हाच झाली व ती रास्त होती. २०१६ मधील ·२२ बोअरचे ‘निडर’ हे छोटे रिव्हॉल्व्हर त्या मानाने बरेच स्वस्त, सु. ३५,००० रुपयांचे होते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याचे सात सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले. कानपूर व इच्छापूरचे शस्त्रकारखाने त्यांपैकी एका कंपनीकडे आणि दारूगोळ्याचे कारखाने पुणे येथे मुख्यालय असलेल्या दुसऱ्या कंपनीकडे गेले. अलीकडे उत्तर प्रदेशात खाजगी क्षेत्रातही ·३२ रिव्हॉल्व्हरांचे उत्पादन सुरू झाले आहे.

नव्या देशी शस्त्राऐवजी जुने परदेशी पिस्तूल घ्यावयाचे झाल्यास काही गोष्टींची पारख आवश्यक असते. ·३२ रिव्हॉल्व्हरचे काडतूस व ·३२ पिस्तुलाचे (७·६५ मिमी.) काडतूस यांचे नाव एकच असले, तरी ती भिन्न आहेत. पहिले लांब व ठळक कडेचे असते, दुसरे आखूड व जवळजवळ बिनकडेचे. एकासाठी केलेल्या शस्त्रात दुसरे वापरता येत नाही. परवान्यावर बोअरची नोंद करताना या नामसाम्यामुळे घोटाळे होतात. नळीच्या आतील पेच (रायफलिंग) झिजले असल्यास नेम राहत नाही व ते पुन्हा पाडता येत नाहीत. मागील स्प्रिंग थकली असल्यास स्लाइड जोराने मागे आदळते आणि कालांतराने तडकते. मूळ पेटी हरवली असल्यास दुसरी मिळणे दुरापास्त. अर्धस्वयंचलित पिस्तूल अडते ते बहुधा पेटीच्या दोषानेच, हे ध्यानात घेता चांगल्या पेटीविना मिळणारे नामांकित पिस्तूल हा तोट्याचा सौदा ठरतो. त्यापेक्षा साध्या घडणीचे, पण सुटे भाग मिळणारे देशी शस्त्र बरे, असे म्हणावे लागते. काडतुसांची संख्याही परवान्यावर ठरवून दिलेली असते. त्यामुळे सरावाची संधी अत्यल्प राहते. क्रीडा नेमबाजीचे क्षेत्र याला अपवाद आहे. तेथे ·२२ बोअरची अर्धस्वयंचलित पिस्तुले वापरली जातात आणि २५ मी. पिस्तूल प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविले.

स्वस्त व सोपी म्हणून तिसरी वाट दिसते, ती गावठी कट्ट्याची. तिचा विचार येथे केवळ कायद्याच्या संदर्भात करता येतो. असे शस्त्र झाडणाऱ्याच्या हातातच फुटण्याचा धोका असतो. शिवाय २०१९ च्या सुधारणेनंतर बेकायदा शस्त्रनिर्मिती व विक्री यांस किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आणि परवान्याविना साधे अग्निशस्त्र बाळगण्यास दोन ते पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. याच सुधारणेने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली व परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली.

भंडारा जिल्ह्यात पिस्तूल कधी तयार झाले नाही. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या जिल्ह्यात १९६२ च्या चीन युद्धानंतरच्या विस्तारात जवाहरनगर येथे आयुधनिर्माणी उभी राहिली. ती स्फोटके व प्रणोदके तयार करते. लहान शस्त्रांच्या काडतुसांचे काम महाराष्ट्रात खडकी (स्थापना १८६९) व वरणगाव येथे होते. सामान्य परवानाधारकाच्या पेटीतील काडतुसाच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे असतात, ती खडकीची खूण होय. जवाहरनगरच्या कारखान्यात २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात आठ कामगार मृत्युमुखी पडले.

या जिल्ह्यातील अर्जदारास परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आहे. पोलिसांचा अहवाल मागवून ते निर्णय करतात. अधिनियमाच्या तेराव्या कलमात दोन दारे आहेत. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक किंवा संरक्षण वा शिकारीच्या खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक मागणाऱ्यास, अन्य अडचण नसल्यास, परवाना द्यावयाचा असतो. पिस्तूल मागणाऱ्यास मात्र ‘पुरेसे कारण’ दाखवावे लागते. भातपिकाचे नुकसान हे कारण पहिल्या दारास चालते, दुसऱ्यास नाही. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही, असे चौदावे कलम स्पष्ट सांगते. वसाहतकाळातील प्रतिष्ठितांपुरत्या परवान्यांच्या पार्श्वभूमीवर हे कलम महत्त्वाचे आहे, परंतु शस्त्राच्या किमतीपुढे त्याचा उपयोग मर्यादित राहिला आहे. २०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षणही आवश्यक केले. त्याच नियमांनुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा तो सत्तर वर्षांचा झाल्यावर अथवा त्याने शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, ते वारसाच्या नावे करण्याची सोय आहे. जुने परदेशी पिस्तूल विशेष खर्चावाचून मिळण्याचा हाच एक राजमार्ग आज उरला आहे.

वनप्रदेशामुळे या जिल्ह्यात आणखी एक बंधन येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार अभयारण्याच्या सीमेपासून दहा किमी. च्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपल्या शस्त्राची नोंद वनखात्याकडे करावयाची असते व तेथे नवा परवाना देण्यास मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती लागते. कोका अभयारण्य २०१३ मध्ये घोषित झाल्यावर भंडारा व लगतच्या तालुक्यांतील अनेक गावे या पट्ट्यात आली. निवडणुका जाहीर झाल्या, की जिल्हा स्तरावरील छाननी समिती ज्यांची शस्त्रे जमा करावयाची त्यांची यादी ठरविते. त्या परवानाधारकांनी आपली पिस्तुले व बंदुका पोलीस ठाण्यात ठेवून पावती घ्यावयाची व निकालानंतर ती परत न्यावयाची असतात.